टेकडीवरचे इंटरनेट: बँडविड्थ वाढवल्यानंतरचा अनुभव

भोर तालुक्यातील आमच्या वाडीत फायबर अद्याप पोहोचलेले नाही. त्यामुळे समोरच्या टेकडीवरील मनोऱ्यावरून वायरलेस इंटरनेट देणाऱ्या एका लहान स्थानिक कंपनीचे आम्ही तीन वर्षांपासून ग्राहक आहोत. गेल्या पावसाळ्यापर्यंत रात्री आठनंतर घरोघरी व्हिडिओ सुरू झाले की वेग इतका घसरे, की मुलीची ऑनलाइन शिकवणी अर्ध्यावरच तुटत असे.

कंपनीने आधी रेडिओचे चॅनेल, म्हणजे माहिती वाहून नेणारा लहरींचा पट्टा, 40 मेगाहर्ट्झवरून 80 मेगाहर्ट्झ रुंद केले. परंतु हे रेडिओ ज्यावर चालतात तो 5 गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात 2018 पासून बऱ्याच अंशी परवानामुक्त असल्याने तेथे इतरांचेही रेडिओ चालतात आणि चॅनेल दुप्पट रुंद केले की गोंगाटही दुप्पट गोळा होतो. म्हणून त्या उपायाने फारसे काही साधले नाही. खरा फरक पडला तो एकाच अँटेनावरील घरे दोन सेक्टरांत, म्हणजे वेगवेगळ्या दिशांच्या दोन अँटेनांवर, विभागून तालुक्याच्या गावाहून येणाऱ्या लीज्ड लाइनची (कंपनीने भाड्याने घेतलेल्या स्वतंत्र इंटरनेट जोडणीची) क्षमता वाढवल्यावर. त्यासोबत राउटरवर प्रत्येक घराला समान वाटा देणारी व्यवस्था बसवली, हे मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण एका घरातील मोठ्या डाउनलोडमुळे शेजाऱ्याचा व्हिडिओ कॉल आता अडखळत नाही.

शुल्क रास्त आहे आणि तक्रार केल्यास माणूस त्याच दिवशी येतो. मात्र वीज दीर्घकाळ गेली की मनोऱ्यावरील बॅटरी संपते आणि सेवा बंद पडते. तेथे सौर पॅनेल तातडीने बसवायला हवे.