आर्थर्स सीट: उलट्या प्रदक्षिणेने चढलेलं बरं

एडिनबरा शहराच्या पोटातच, होलीरूड पार्कमध्ये, 251 मीटर उंचीचा हा डोंगर आहे. पायथ्याच्या होलीरूड राजवाड्यापासून माथा गाठून दुसऱ्या बाजूने खाली येण्याची फेरी पाच किलोमीटरच्या आतबाहेर भरते. चढ सुमारे दोनशे मीटरचा, वेळ थांबे धरून दोन तास. तिकीट नाही. सिंहगड दर रविवारी चढणाऱ्याला आकडे ऐकून हसू येईल. तरी इथे पाय मुरगळतात, आणि ते बहुधा उतरताना. म्हणूनच ही फेरी कुठल्या दिशेने करायची हा प्रश्न महत्त्वाचा.

बहुतेक जण सेंट मार्गारेट्स लॉक या तळ्यावरून, सेंट अँथनीज चॅपल या पडक्या प्रार्थनाघराच्या बाजूने चढतात आणि पश्चिमेच्या दगडी पायऱ्यांनी उतरतात. आमचं मत उलटं: घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध जा. पायऱ्या उंच आणि उभ्या आहेत. चढताना दम काढतील एवढंच, पण ओल्या असताना उतरायच्या म्हणजे प्रत्येक पावलाला गुडघा आणि नशीब दोन्ही पणाला. चॅपलकडची बाजू, म्हणजे ड्राय डॅम नावाची दरी, मात्र सौम्य उताराची आहे. तिथे घसरलात तर पँट खराब होईल, हाड मोडायची शक्यता कमी.

सुरुवात राजवाड्यासमोरून. क्वीन्स ड्राइव्ह रस्ता ओलांडला की सेंट मार्गारेट्स वेल या विहिरीजवळून उजवीकडची रुंद वाट धरा. ही व्हॉलंटियर्स वॉक. उजव्या हाताला सॅलिसबरी क्रॅग्ज या कड्याची पाठ, डाव्या हाताला मुख्य डोंगर आणि मधे हंटर्स बॉग. नावातच दलदल आहे, तेव्हा पावसानंतर गवतातून आडवं जाण्याचा मोह टाळा. वाट स्वतः घट्ट आहे, कुणालाही जमेल. नकाशावर क्रॅग्जच्या कड्याखालून जाणारा रॅडिकल रोड आकर्षक दिसतो, पण 2018 मध्ये तिथे दरड कोसळली आणि वाट बंद झाली. तोंडाशी कुंपण आणि पाटी असेल तर ती पाटी तुमच्यासाठीच आहे. वरच्या कड्याचा दगड आजही सुटाच आहे.

वाट संपते तिथे दोन डोंगरांमधली खिंड लागते. डावीकडे नागमोडी दगडी पायऱ्या सुरू होतात. खऱ्या अर्थाने चढ एवढाच. दगड नीट बसवलेले आहेत, त्या कामाला दाद द्यायला हवी. फक्त पायऱ्यांची उंची सारखी नाही, त्यामुळे लय सापडत नाही. छोटी पावलं टाका आणि वळणावर थांबा, म्हणजे मागच्याला जागा मिळते. शेजारीच डोंगराच्या अंगावर एक खरवडलेली घळ दिसेल, गटिट हॅडी. 1744 च्या ढगफुटीत ती कोरली गेली असं सांगतात. लोक शॉर्टकट म्हणून तिच्यातून उतरतात. तो निव्वळ घसारा आहे: वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड थेट खालच्याच्या डोक्याकडे येतो. शिवाय झीज वाढते ती वेगळीच.

पायऱ्या संपल्या की एक पसरट खांदा लागतो आणि समोर शेवटचा खडक. वीस-पंचवीस पावलांचा प्रकार, पण या फेरीतला सगळ्यात फसवा भाग हाच. हा डोंगर म्हणजे सुमारे 34 कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा अवशेष, माथा बसाल्टचा. म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या कातळाचा लांबचा भाऊ, वयाने पाचपट थोरला. पण सवयीचा कातळ म्हणून गाफील राहू नका. आपल्याकडे पावसाळ्यात शेवाळामुळे पाय जातो, इथे लाखो बुटांनी खडक घासून गुळगुळीत केला आहे. शेवाळ निदान दिसतं. ही चकाकी कोरड्या दिवशीही तेवढीच निसरडी, आणि रिमझिमीत तर काच. चकाकणारा दगड सोडून शेजारच्या खरखरीत दगडावर पाय द्या, गरज पडली तर हात टेका. सपाट तळव्याचे स्नीकर्स इथे हमखास दगा देतात. माथ्यावर सर्वेक्षणाचा खांब आहे, त्याच्याशी फोटोची रांग लागते. वारा जोरात असेल तर खांबापाशी उभं राहण्याचा हट्ट नको.

स्वच्छ हवेत फर्थ ऑफ फोर्थची खाडी, किल्ला आणि दक्षिणेला पेंटलंडच्या टेकड्या दिसतात. पण समुद्रावरून ‘हार’ नावाचं गार धुकं चढलं की दहा मिनिटांत काही दिसेनासं होतं. तेव्हा माथ्यावरून दिशा न पाहता निघालात तर भलत्याच बाजूला उतराल, कारण वर दिशादर्शक पाट्या फार कमी आहेत आणि पायवाटा मात्र डझनभर. खुणांच्या बाबतीत या डोंगराला पाचपैकी दोनच गुण.

उतरताना ईशान्येकडे, साखळ्या लावलेल्या खांबांच्या कडेने खाली या आणि मग डावीकडे ड्राय डॅमच्या दरीत वळा. सरळ पुढे गेलात तर डन्सॅपी तळ्याकडच्या रस्त्यावर पोहोचाल. तेही वाईट नाही, पण फेरी लांबते. नाव ‘कोरडं’ असलं तरी दरीतली माती पावसानंतर दोन-तीन दिवस चिखलच असते. टाच रोवून, तिरकं उतरा. कडेला पिवळ्या फुलांचं काटेरी गॉर्स आहे, तोल गेल्यावर पकडायला अजिबात कामाचं नाही. उन्हाळ्यात ते वाळून भुरूभुरू पेटतं. ऑगस्ट 2025 मध्ये या डोंगरावर मोठी आग लागली होती. दरीच्या तोंडाशी सेंट अँथनीज चॅपलची पडकी भिंत आणि खाली सेंट मार्गारेट्स लॉक दिसलं की फेरी पूर्ण होत आली.

डोंगरावर पाणी, स्वच्छतागृह, आडोसा यांपैकी काहीही नाही. अर्धा लिटर पाणी आणि उन्हातही एक वाऱ्याचं जाकीट बरोबर हवंच. डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा दुपारी दीडनंतर चढायला सुरुवात करू नका. त्या दिवसांत सकाळी पायऱ्यांवर बर्फाचा पारदर्शक थर असू शकतो, बुटांना अडकवायचे स्पाइक्स नसतील तर तळ्याभोवती चक्कर मारून कॉफी प्या. भारतातून आलेले आईवडील बरोबर असतील तर त्यांना चॅपलपर्यंत नेऊन तिथूनच परत आणा. तिथवरचा चढ छोटा आहे आणि तळं, राजवाडा, खाडी सगळं दिसतं.