गच्चीवर सोलर: स्लॅबमध्ये अँकर की वजनाचे ठोकळे?

सपाट गच्चीवर सोलर पॅनेलचं स्ट्रक्चर दोन प्रकारे धरून ठेवता येतं: स्लॅबमध्ये अँकर, म्हणजे बोल्ट, रुतवून किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यांचं वजन ठेवून.

अँकरची पकड पक्की असते, पण आपल्याकडे बहुतेक गच्च्यांवर विटांच्या तुकड्यांचा कोबा, म्हणजे स्लॅबवरचा वॉटरप्रूफिंगचा थर, असतो. अँकर कोब्यातच संपला तर वादळात उपटून येतो. बोल्ट कोबा ओलांडून आरसीसी स्लॅबमध्ये रुतला पाहिजे. भोक ब्लोअरने साफ करून बोल्ट चिकटवणारं केमिकल भरा. धूळ राहिली की पकड गेली. खरी डोकेदुखी गळतीची. भोकातून शिरलेलं पाणी कोब्यात पसरतं आणि भलत्याच खोलीच्या छताला ओल येते, मग मूळ जागा शोधत बसा. शिवाय वॉटरप्रूफिंगची वॉरंटी जाऊ शकते, ती आधी वाचा.

ठोकळ्यांना भोक लागत नाही, लागतं वजन. ४५ × ४५ × ३० सेंमीचा काँक्रीटचा ठोकळा साधारण १४५ किलो भरतो. वापरातल्या गच्चीसाठी भारतीय मानकातला चलभार (माणसं, सामान यांचा बदलता भार) चौरस मीटरला सुमारे १५० किलो, त्यामुळे जुन्या इमारतीत स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय ठोकळे चढवू नका. खाली रबर पॅड घाला, पाण्याचा उतार मोकळा ठेवा. पॅनेलचा कल १० अंशांच्या आसपास ठेवला तर वारा कमी उचलतो. पुण्याच्या अक्षांशावर वीज किंचितच घटते. गच्चीच्या कोपऱ्यांत वाऱ्याची ओढ सर्वाधिक, तिथे पॅनेल टाळा.

खालून चालता येईल असं उंच स्ट्रक्चर हवं असेल तर ठोकळ्यांचा विचारच सोडा. नव्या बांधकामात वॉटरप्रूफिंगआधी स्लॅबला जोडलेले काँक्रीटचे पेडेस्टल (बुटके खांब) ओतून घ्यावेत.