खारघर ते फोर्ट रोजचं जाणंयेणं: मेट्रो + बेलापूर लोकल, माझा अनुभव

ऑफिसमधली एक मुलगी दोन महिने झाले विचारतेय, ताई आम्ही खारघरला फ्लॅट बघतोय, फोर्टला रोज यायला जमेल का हो, आणि दरवेळी डबा खाताना माझं अर्धंच सांगून होतं आणि कोणीतरी हाक मारतं. म्हटलं एकदाचं नीट लिहूनच टाकावं, तिच्यासारख्या बाकीच्यांनाही उपयोग होईल.

मी २०१४ पासून खारघरला राहते, केंद्रीय विहार मेट्रो स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर. ऑफिस हॉर्निमन सर्कलजवळ, फोर्टमध्येच. घराचं दार ओढलं की ऑफिसच्या खुर्चीत बसेपर्यंत माझे पावणेदोन तास जातात, कधी पाच मिनिटं इकडे कधी तिकडे. येताना तेवढाच. म्हणजे दिवसाचे साडेतीन तास, हे आधी नवराबायको दोघांनी बसून मान्य करा, मुलं लहान असतील तर त्यांना शाळेतून कोण आणणार हे पण ठरवा, आणि मगच फ्लॅटचं टोकन द्या. जमतं का तर हो, जमतं. मला तर आता हा प्रवास आवडतो सुद्धा. पण कुठे राहता त्यावर सगळं अवलंबून आहे, आणि "कुठे" म्हणजे खारघर की पनवेल हे नाही म्हणत मी, खारघरमध्ये कुठे हे म्हणतेय.

झालंय असं की सगळे ट्रेनचीच चौकशी करतात. खारघर ते सीएसएमटी, म्हणजे फोर्टजवळचं शेवटचं स्टेशन, किती वेळ लागतो, तर साधारण तास दहा मिनिटं, आपल्या या हार्बर लाईनला फास्ट गाडी नाही, प्रत्येक स्टेशनला थांबत थांबत जाते, हे काही बदलणार नाही हे धरूनच चाला. ट्रेनच्या वेळेचा अंदाज येतो. अंदाज येत नाही तो घर ते ट्रेन या टप्प्याचा. खारघर उत्तरेला केवढं पसरलंय, स्टेशन मात्र एका टोकाला, हायवेच्या कडेला. सेक्टर ३०-३५ च्या पुढे घर असेल तर स्टेशन पाच-सहा किलोमीटर लांब पडतं. ब्रोकर रविवारी दुपारी रिकाम्या रस्त्यावरून गाडीने नेऊन दाखवतो आणि म्हणतो दहा मिनिटं मॅडम. सोमवारी सकाळी पावसात शेअर रिक्षाच्या लाईनीत छत्री धरून उभं राहिलं की ती दहा मिनिटं पंचवीस होतात, आणि तेवढ्यात तुमची गाडी गेलेली असते. पहिली नऊ वर्षं मी हेच केलंय. घरातून निघायची वेळ गाडी बघून ठरत नव्हती, रिक्षा बघून ठरायची.

दुसरं म्हणजे जागा. पनवेलहून सुटलेली गाडी खांदेश्वर आणि मानसरोवर करून खारघरला येते, आणि त्या दोन्ही स्टेशनांच्या आजूबाजूला आता एवढे टॉवर झालेत की सकाळी आठच्या सुमाराला खारघरला गाडी आली की बसायला मिळेल ही आशाच सोडायची. तिघींच्या बाकावर कडेला चौथी सीट मिळाली तरी नशीब. मग "कुठे उतरणार?" विचारत दोन रांगांच्या मधे उभं राहायचं, कोणी चेंबूर म्हणालं, कोणी कुर्ला म्हणालं की तिची जागा आपली. कुर्ल्याला बराच डबा रिकामा होतो पण तोपर्यंत अर्ध्याहून जास्त प्रवास उभ्याने झालेला असतो. पंचविशीत चालून जातं हो, चाळिशीनंतर गुडघे बोलायला लागतात.

१७ नोव्हेंबर २०२३ ला मेट्रो सुरू झाली आणि माझ्यापुरतं सगळंच बदललं. बेलापूर ते पेंधर, ११ किलोमीटर, ११ स्टेशनं. काम २०११ ला सुरू झालेलं, आम्ही राहायला आलो तेव्हापासून खांब बघतोय, आणि शेवटी उद्घाटनाचा समारंभ वगैरे न होताच एका शुक्रवारी गाडी धावायला लागली. पहिल्याच आठवड्यात मी मुलाला घेऊन टोकापर्यंत जाऊन आले. आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण नवीन माणसाचा इथेच घोळ होतो: ही मेट्रो खारघर रेल्वे स्टेशनला जात नाही. पेंधर, तळोजा, पेठपाडा, सेंट्रल पार्क, खारघर गाव, केंद्रीय विहार, उत्सव चौक, बेलपाडा असं करत ती जाते बेलापूरला. बऱ्याच जणांनी तेव्हा नावं ठेवली, की खारघरची मेट्रो आणि खारघर स्टेशनलाच नाही, मग काय उपयोग. मी पण ठेवली होती. पण बेलापूरला जाण्याचाच खरा फायदा आहे, कारण काही लोकल बेलापूरहूनच सुटतात. रिकामी गाडी प्लॅटफॉर्मला लागते, तुम्ही चढता आणि खिडकीशी बसता. दोन स्टेशनं मागे जायला लागतं असं वाटत असेल तर तसंही नाही, बेलापूर मुंबईच्याच दिशेला पुढचं स्टेशन आहे.

तर माझं सकाळचं गणित असं. ७:३५ ला घर, मेट्रोने आठ-दहा मिनिटांत बेलापूर, उतरून थोडं चालणं, मग बेलापूर लोकल. मेट्रो अगदी दर दोन मिनिटांनी येत नाही, दहा-पंधरा मिनिटांचं अंतर असतं, त्यामुळे एक चुकली की पुढची लोकलही चुकते, म्हणून वेळ पाठ करून ठेवा. डबे स्वच्छ, एसी आहे, आणि मुख्य म्हणजे पावसात चपला न भिजवता बेलापूर गाठता येतं. रात्री उशीर होणार असेल तर शेवटची मेट्रो कितीची हे बघून ठेवा, ती लवकर संपते. या सगळ्या प्रवासात मला सर्वात जास्त मार्क द्यायचे असतील तर मी मेट्रोलाच देईन, पाचपैकी साडेचार.

लोकलला चार. गर्दीसाठी एक कापला, तो सुद्धा जड मनाने, कारण लेडीज डब्याने मला जे दिलंय ते कुठल्या स्टारमध्ये बसत नाही. माझ्या सासूबाई हॉस्पिटलमध्ये होत्या तेव्हा तीन आठवडे आमच्या ग्रुपमधल्या एकीने माझ्यासाठी रोज दोन पोळ्या जास्तीच्या आणल्या. नाव सोडून मला तिची काही माहिती नव्हती, कुठल्या सेक्टरला राहते हे सुद्धा नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला झेंडूची तोरणं लागतात, आरती होते, पेढे वाटतात. नवीन मुलीला पहिले दोन दिवस कोणी विचारत नाही, तिसऱ्या दिवशी बॅग मांडीवर घेतात.

आणि वाशीची खाडी. वाशी सुटलं की मानखुर्दपर्यंत आठ-नऊ मिनिटं एकही स्टेशन नाही. पुलावर गाडी आली की चाकांचा आवाज बदलतो, दारातून गार वारा आणि ओहोटी असेल तर चिखलाचा खारट वास येतो. माझ्या समोर बसणाऱ्या काकू तिथे मोबाईल पर्समध्ये टाकतात, चष्मा काढून पदराने पुसतात आणि पूल संपेपर्यंत नुसत्या बाहेर बघतात. रोज. थंडीत कधीकधी लांब पाण्याच्या कडेला फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ दिसते, मग त्या कोपराने मला हलवतात. बोलत काही नाहीत.

हा रेल्वेचा पूल १९९२ चा, तेव्हा पहिल्यांदा गाडी वाशीला आली, आणि पुढे पनवेलपर्यंत पोचायला १९९८ उजाडलं. त्याआधी १९७३ पासून रस्त्याचा पूल होता तेवढाच. नवी मुंबईतल्या रेल्वेचा ६७ टक्के खर्च सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने उचललाय, आणि ते दिसतं, वाशी किंवा बेलापूरचं स्टेशन किती मोठं आणि मोकळं आहे बघा, आणि मग मुंबईतल्या मशीद स्टेशनला उतरून बघा. मला मात्र एक गोष्ट खरंच खटकते. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात जी नवी मुंबई मांडली त्यात लोकांनी रोज खाडी ओलांडून फोर्टला जावं असं नव्हतंच, नोकऱ्याच इकडे याव्यात असं होतं. घाऊक बाजार आला वाशीला, बेलापूरला सरकारी ऑफिसांचं कोकण भवन आलं, ऐरोली-महापेला आयटी पण आलं, पण मंत्रालय आणि फोर्टची ऑफिसं तिकडेच राहिली. १९७० ला सिडको स्थापन झाली, पन्नासहून जास्त वर्षं झाली आणि सकाळची गर्दी अजून एकाच दिशेने आहे. म्हणून ज्यांना इकडे नोकरी मिळू शकते त्यांनी पगार थोडा कमी असला तरी तो पर्याय मनापासून बघावा, हे मी माझ्या मुलाला पण सांगणार आहे.

बाकीचे पर्याय थोडक्यात. अटल सेतू जानेवारी २०२४ ला सुरू झाला, गाडीने गेलात तर सुख आहे, जवळजवळ साडेसोळा किलोमीटर समुद्रावरून, पण कारचा टोल एका बाजूचा २५० रुपये, वर पेट्रोल, वर फोर्टमधलं पार्किंग, रोजच्याला परवडण्यासारखं नाही. सेतूवरून बेस्टची एसी बस एस-१४५ कोकण भवनहून कफ परेडला जायला लागली मार्च २०२४ मध्ये, मी काही वेळा गेले, बसायला जागा आणि शिवडीच्या बाजूला उतरताना दिसणारी मुंबई, फार छान वाटलं. कफ परेड किंवा मंत्रालयाकडे ऑफिस असेल तर नक्की बघा, माझ्या वेळेला आणि खिशाला लोकलच जुळते.

ॲपवरून बुक करायच्या एका खाजगी बसचा मात्र वाईट अनुभव आहे. महिन्याचे पैसे आगाऊ भरले, आणि तिसऱ्या आठवड्यात मी स्टॉपवर उभी असताना ७:१० ला मेसेज, आजची फेरी रद्द. पैसे परत आले ते त्यांच्याच वॉलेटमध्ये, म्हणजे परत त्यांच्याच बसने जा. असल्या ठिकाणी महिन्याचे एकदम भरू नका, आठवड्याचे भरा.

संध्याकाळी सीएसएमटीला हार्बरच्या गाड्या एक आणि दोन नंबरवरून सुटतात, आणि त्यातल्या काही अंधेरी-गोरेगावला जातात. इंडिकेटर बघितल्याशिवाय पळत चढू नका, वडाळ्याला फाटा फुटतो आणि चुकीच्या गाडीत असलात तर तिथे उतरून परत गर्दीत घुसायला लागतं. वाशी लोकल सोडा, ती वाशीलाच संपते. बेलापूर मिळाली तर तीच घ्या, पनवेलपेक्षा जरा मोकळी असते आणि पुढे मेट्रो आहेच. रविवारी कामाला जायचं असेल तर शनिवारी रात्रीच मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या कधी बंद आहेत ते, बघून ठेवा. आणि जून ते सप्टेंबर ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक ड्रेस, टॉवेल आणि चार्जर ठेवा, कारण कुर्ला-चुनाभट्टीला पाणी भरलं की हार्बर थांबते. अशा दिवशी फोर्टमधून निघूच नका, जवळ कोणी नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे राहा.

घर बघताना स्टेशनपासूनचं अंतर विचारू नका, मेट्रो स्टेशनपासून चालत किती ते स्वतः चालून बघा, आणि मंगळवार-बुधवारी सकाळी साडेसातला या, रविवारी नको. त्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली एवढ्या सकाळी ब्रोकर येणार नाही. म्हटलं ब्रोकर कशाला, मी आहे ना, केंद्रीय विहारला मेट्रोच्या जिन्यापाशी उभी राहते, नवऱ्याला पण घेऊन ये. येत्या बुधवारी येतायत दोघं.