घरी योग: समोर शिक्षक नसताना कोणती पद्धत धरावी?

वर्गात वीरभद्रासन (एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकवायचं उभं आसन) करताना पुढचा गुडघा घोट्याच्या पुढे गेला, की शिक्षक येऊन तो मागे आणतात. घरी तो पुढेच राहतो. रोज. काही महिन्यांनी गुडघाच तक्रार करू लागतो, तेव्हा कुठे आपल्याला कळतं. म्हणून घरासाठी पद्धत निवडताना ‘सगळ्यात चांगली कोणती’ यापेक्षा ‘कुणी बघत नसताना कमी बिघडणारी कोणती’ हा प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो.

सगळ्यात जास्त घोळ अय्यंगार आणि अष्टांग विन्यास या दोन नावांपाशी होतो. गंमत म्हणजे बी. के. एस. अय्यंगार आणि पट्टाभी जोइस हे दोघेही टी. कृष्णमाचार्यांचेच शिष्य. आसनंही बरीचशी तीच. पण अय्यंगारांनी आसनात थांबायला शिकवलं, आणि अष्टांग विन्यास शिकवणाऱ्या जोइस यांनी श्वासाबरोबर एका आसनातून पुढच्या आसनात जायला. घरी करणाऱ्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

अय्यंगार पद्धतीत त्रिकोणासन म्हणजे नुसतं बाजूला वाकणं नाही. पायांत अंतर किती, मागच्या पायाची बाहेरची कड जमिनीला टेकली आहे का, वाकल्यावर कंबर पुढे तर झुकली नाही ना, हे सगळं पाहायचं. एकटं असताना हे कसं कळणार? इथे भिंत कामाला येते. भिंतीला पाठ लावून त्रिकोणासन करून बघा. वरचा खांदा किंवा नितंब भिंतीपासून सुटला, की चूक कुठे झाली ते लगेच समजतं. हात जमिनीपर्यंत पोचत नसेल तर विटेवर ठेवा, वीट नसेल तर खुर्चीच्या बैठकीवर. बसून पुढे वाकताना मांडीमागचे स्नायू ओढले जात असतील तर घडी केलेल्या चादरीवर बसा आणि तळपायाला पट्टा अडकवा. साधनं वापरणं म्हणजे कमीपणा, हा समज तेवढा डोक्यातून काढायला हवा. या पद्धतीत साधन हेच अर्धं शिक्षक असतं. तिचा तोटा वेगळाच आहे: सूचना इतक्या असतात की मन आसनात राहण्याऐवजी यादी तपासत बसतं. घाम काढायची हौस असणारे तर पहिल्या आठवड्यातच कंटाळतात.

अष्टांग विन्यासात क्रम ठरलेला. आधी सूर्यनमस्कार ‘अ’ आणि ‘ब’ प्रत्येकी पाच, मग उभी आसनं, बैठी आसनं आणि शेवटची मालिका. आज काय करायचं, हा प्रश्नच पडत नाही. घरी एकट्याने करणाऱ्याला याचं मोल फार. पण या पूर्ण क्रमाला, म्हणजे प्राथमिक मालिकेला, साधारण दीड तास लागतो. शिवाय चतुरंग दंडासन (कोपरं वाकवून, तळहात आणि पायाच्या बोटांवर अंग जमिनीला समांतर तोलणं) इतक्या वेळा येतं की कोपर बाहेर फाकत असतील आणि खांदे खाली लोंबत असतील, तर तीच चूक एका बैठकीत कितीतरी वेळा घोटली जाते. माझं मनगट असंच दुखावलं होतं. दोष पद्धतीचा नव्हता, घाई माझी होती. जोइस जिथे शिकवत त्या मैसूरच्या रीतीत आधीचं आसन बसल्याशिवाय शिक्षक पुढचं देत नाहीत. घरी हा पहारा नसतो आणि आपण दुसऱ्याच दिवशी अर्धपद्मात (एक पाऊल दुसऱ्या मांडीवर) पाय अडकवून मरीच्यासनाची पिळ घ्यायला जातो. गुडघ्यांसाठी ते बरं नाही. ही पद्धत आवडत असेल तर सूर्यनमस्कार, उभी आसनं आणि शेवटची बैठी आसनं एवढंच बरेच दिवस करा, आणि चतुरंगात गुडघे टेकवा. कुणी हसायला येत नाही.

आता नुसते सूर्यनमस्कार. बारा स्थितींचे बारा नमस्कार शांतपणे घातले तरी वीसेक मिनिटांत आटोपतात. चटईएवढी जागा पुरते, साष्टांग स्थितीत गुडघे टेकत असल्याने चतुरंगापेक्षा खांद्यांवर ताण कमी येतो. वेळ कमी असलेल्याला हाच पर्याय मी आधी सुचवतो. मात्र नीट पाहिलंत तर यात शरीर फक्त पुढे वाकतं आणि मागे वाकतं. पिळ नाही, बाजूला झुकणं नाही. त्यामुळे शेवटी दोन्ही बाजूंनी वक्रासन आणि त्रिकोणासन जोडायला हवं. दुसरा धोका आकड्यांचा. संख्या गाठायच्या नादात भुजंगासनात मान मागे फेकली जाते आणि सगळा भार कंबरेच्या एकाच जागी येतो. सहा नीट घातलेले नमस्कार घाईच्या चोवीसांपेक्षा बरे.

शिवानंद परंपरेचा बारा आसनांचा क्रम आटोपशीर आहे, मधे मधे शवासनाची विश्रांतीही आहे. पण त्याची सुरुवातच शीर्षासनाने होते. ते पुस्तकात बघून शिकायचं आसन नव्हे. कुणा जाणकारापुढे शिकून घ्या, नाहीतर ते वगळून पुढे जा.

पवनमुक्तासन मालिकेकडे लोक उगाच म्हाताऱ्यांचा व्यायाम म्हणून बघतात. बिहारमधल्या मुंगेरच्या योगविद्यालयाच्या परंपरेतली ही मालिका पायाची बोटं, घोटे, गुडघे, मनगटं, खांदे, मान असं एकेक सांध्याने सरकते. इथे चुकलं तरी फारसं बिघडत नाही, आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला फरक लवकर जाणवतो. बरीच वर्षं काहीच केलं नसेल तर सुरुवात इथूनच करा.

यिन योगात एकेका बैठ्या किंवा आडव्या स्थितीत तीन ते पाच मिनिटं सैल राहायचं असतं. रात्री, थकलेल्या अंगाला छान. ज्यांचे सांधे मुळातच फार लवचीक आहेत, त्यांनी शेवटच्या टोकापर्यंत जाऊ नये. हॉट योगाची खोली चाळीस अंशांपर्यंत तापवलेली असते. घरी हीटर लावून त्याची नक्कल करू नका, एवढंच.

पद्धत ठरली तरी शिकायचं कशावरून, हे उरतंच. व्हिडिओ सोयीचा, पण त्रिकोणासनात मान वळवून पडद्याकडे बघितलं की आसन तिथेच मोडलं. शिवाय समोरच्याचा उजवा हात आपल्या डावीकडे दिसतो. आधी एकदा बसून पूर्ण बघा, मग करताना फक्त आवाज ऐका. ऑनलाइन शिक्षक असतील तर कॅमेरा बाजूला ठेवा, कारण पाठीचा कणा समोरून दिसत नाही.

रक्तदाब जास्त असेल, काचबिंदू असेल किंवा गर्भारपण असेल, तर ही तुलना तुमच्या उपयोगाची नाही. डोकं खाली जाणारी आसनं आणि कपालभाती यांबद्दल आधी डॉक्टरांशी बोला.

बाकीच्यांनी एकच पद्धत तीन आठवडे, रोज वीस मिनिटं करून बघावी. आसन किती खोल गेलं हे मोजू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहा: स्नायू जड वाटले तर चालेल, पण सांध्यात टोचलं तर काल काहीतरी चुकलं. माझं म्हणाल तर सध्या चार दिवस सूर्यनमस्कार, दोन दिवस भिंतीला लागून उभी आसनं, आणि मनगट कुरकुरलं की त्या दिवशी पवनमुक्तासन.