अर्ध्या बेलचं मिचेल आणि गेलेले अठ्ठावीस हजार

वडील मालवणला गरवायला जायचे तेव्हा त्यांच्या हातात काळं, अंड्याच्या आकाराचं मिचेल 300 असायचं, म्हणजे गळाची दोरी गुंडाळायचं रीळ. बोटीवर नोकरीला असलेल्या त्यांच्या मित्राने ते आणून दिलं होतं. वडील गेल्यावर मी जुन्या मिचेलच्या मागे लागलो आणि त्या ओढीपायीच गेल्या वर्षी फसलो. हौशी लोक अजूनही त्याच जागी अडकताहेत, म्हणून सगळं लिहितो.

मिचेल हे फ्रान्सचं रीळ. ओत-साव्हुआमधल्या क्लूझ गावच्या कार्पानो ए पॉन्स या कारखान्याचं. हे गाव मुळात घड्याळाच्या कामाचं. तिथे 1848 पासून घड्याळ-कारागिरांची शाळा होती. रीळ तयार झालं ते 1930 च्या दशकाच्या अखेरीस, पण मध्ये युद्ध आलं आणि खरी विक्री 1940 च्या दशकाच्या शेवटी सुरू झाली. त्या पहिल्या रिळांना बेल अर्धीच असे. म्हणजे दोरी उचलून घेणारी तार स्पूलच्या, दोरी गुंडाळली जाते त्या चकरीच्या, पुढून पूर्ण वळसा घेत नाही, अर्ध्यावर बाकदार टोक होऊन संपते. पूर्ण बेल त्यानंतरची. 300 हा आकडाही पुढेच आला, आधीच्यांवर नुसतं ‘मिचेल’. संग्राहक जीव टाकतात ते या पहिल्या रिळांवर.

मला विकणाऱ्याने नेमकं हेच पढवून ठेवलं होतं. ऑनलाइन ओळख झाली. फोनवर बोलणं अतिशय गोड, ‘दादा, आजोबांचं आहे, कदर करणाऱ्यालाच देतोय’. पाच फोटो पाठवले. अर्धी बेल स्पष्ट दिसत होती, झाकणावर नुसतं ‘मिचेल’. अठ्ठावीस हजार सांगितले. दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय म्हणाला आणि मी यूपीआयने पैसे पाठवून मोकळा झालो. पाचही फोटो एकाच बाजूने काढलेले होते, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

रीळ हातात आलं. हँडल फिरवलं तर चाल मऊ, आवाज छान. पण उन्हात धरल्यावर झाकणाचा काळा रंग आणि अंगाचा काळा रंग वेगळा दिसायला लागला. झाकण निळसर, अंग तपकिरीकडे झुकणारं. बेलच्या तारेचं टोक नखाला खरखरीत लागलं. कारखान्यातून आलेलं टोक गुळगुळीत असतं, हे कानशीने घासलेलं होतं. मग रोटरची, म्हणजे बेल धरून स्पूलभोवती फिरणाऱ्या भागाची, दुसरी बाजू पाहिली. तिथे रंगाखाली एक गोल फुगवटा होता. सुईने खरवडलं तर भरलेली पुट्टी निघाली आणि आत भोक! पूर्ण बेलचं दुसरं टोक जिथे बसतं, तेच ते भोक. चांगली अख्खी तार कापून अर्धी केली होती.

तरी मन मानेना. आमच्या गल्लीतल्या घड्याळवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी झाकण उघडलं, भिंग लावलं आणि म्हणाले, “अरे, हे चाक बघ, स्वतःभोवती फिरत दुसऱ्याभोवतीही फिरतंय. झकास काम आहे.” माझ्या पोटात गोळा आला. ते प्लॅनामॅटिक होतं. दोरी थरावर थर रुतू नये, आडवीतिडवी बसावी म्हणून स्पूल मागेपुढे करणारी ही चाकांची रचना मिचेलमध्ये आली ती 1960 च्या दशकात. अर्ध्या बेलच्या रिळात ती असूच शकत नाही. म्हणजे अंग साठच्या दशकातलं किंवा नंतरचं, झाकण कुठल्यातरी जुन्या रिळाचं आणि बेल कापलेली.

साठच्या दशकातलं मिचेल वाईट नाही, उलट माशापुढे तेच जास्त चालतं. पण ते लाखांनी बनलं, त्याला ही किंमत नाही. आणि त्या माणसाने एक चालतं रीळ कायमचं बिघडवलं, याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आहे.

फोन केला तर आधी ‘आजोबांनाच माहीत’, मग नंबर बंद. सायबर पोलिसांत तक्रार दिली आहे, फोटो आणि व्यवहाराचा क्रमांक जोडून.

अर्धी बेल म्हणून कोणी रीळ दाखवत असेल तर रोटरच्या दोन्ही बाजूंचा आणि झाकण उघडून आतल्या चाकांचा फोटो मागा. जुनं रीळ ओळखू येतं ते आतून. परवा त्याच पार्श्वभूमीवर, त्याच निळ्या टॉवेलवर ठेवलेलं आणखी एक ‘पहिलं मिचेल’ विकायला आलेलं दिसलं. मी हेच दोन फोटो मागितले. अजून आलेले नाहीत.