नेव्हिसवर्क्स: एका पाइपवाल्याचा अनुभव

मी प्लंबिंगचा कॉन्ट्रॅक्टर. वडिलांनी परळच्या चाळींतून जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप ओढले, मी टॉवरमध्ये यूपीव्हीसीचे प्लास्टिक पाइप ओढतो. संगणकातलं मला बेताचंच कळतं. तरी ऑटोडेस्क कंपनीच्या नेव्हिसवर्क्स या सॉफ्टवेअरवर लिहितोय, कारण दोन साइट त्याच्याशिवाय भोगल्यात आणि दोन त्याच्यासह केल्यात.

मुंबईच्या टॉवरमध्ये खालचे मजले पार्किंगचे. वरून येणारे सगळे उभे पाइप पोडियमपाशी, म्हणजे या पार्किंगच्या मजल्यांपाशी, आडवे वळवावे लागतात, आणि नेमके तिथेच बीम सगळ्यात खोल. वडाळ्याच्या एका साइटवर एसीचा डक्टवाला माझ्याआधी पोचला. साइटचा कायदा असा की जो आधी लटकवेल त्याची जागा. माझी 110 मिलिमीटरची लाइन 14 मीटर आडवी जायची होती. 1:100 उतार धरला तरी शेवटच्या टोकाला 140 मिलिमीटर खाली. वर बीम, बीमखाली डक्ट, डक्टखाली मी आणि माझ्याखाली गाड्यांसाठी सोडायची उंची. कोअर कटिंगला, म्हणजे काँक्रीटला गोल भोक पाडायला, आरसीसी कन्सल्टंट (इमारतीच्या सांगाड्याचा इंजिनिअर) तयार होईना, आणि बरोबरच होतं त्याचं. स्लॅब पोस्ट-टेन्शनची होती. आतली ताणलेली केबल कापली गेली तर निस्तरणार कोण? अखेर डक्ट उतरवला. पैसे कोणी द्यायचे यावर आठ महिने पत्रं चालली.

नेव्हिसवर्क्स काय करतं? आर्किटेक्ट, आरसीसी, एसी, इलेक्ट्रिक, फायर आणि आमचं अशी सगळी मॉडेलं एकात एक बसवतं आणि कोण कुणात घुसलंय ते दाखवतं. प्रत्यक्ष घुसलेलं वेगळं, मध्ये ठरावीक अंतर सुटलं नाही ते वेगळं, एकच वस्तू दोनदा काढली गेली असेल तर तेही. हे काम फक्त ‘मॅनेज’ आवृत्ती करते. ‘फ्रीडम’ फुकट आहे, पण ती बघण्यापुरती. घ्यायच्या आधी हे नीट बघा.

कांजूरमार्गच्या साइटवर पहिला रिपोर्ट आला तेव्हा क्लॅशचा, म्हणजे अशा टकरींचा, आकडा बाराशेच्या वर. मी घाबरलो. मग कळलं, एकच केबल ट्रे एका ओळीतल्या सगळ्या बीममध्ये घुसली की प्रत्येक बीमला एक अशी मोजणी होते. कोऑर्डिनेटर मॅडमनी गट पाडले, टॉलरन्स लावला (म्हणजे किरकोळ घुसणं सोडून दिलं), तेव्हा बोलण्यासारख्या सत्तर-ऐंशीच उरल्या. म्हणजे सॉफ्टवेअर घेतलं आणि गट पाडणारं माणूस नसलं, तर नुसतं लाल रंगाचं जंगल.

खरं काम दर मंगळवारी साइटच्या केबिनमध्ये व्हायचं. पडद्यावर दोन वस्तू, एक लाल एक हिरवी, बाकी सगळं फिकट. डक्टवाला म्हणाला, “शेठ, तुमचा पाइप जरा वर घ्या ना.” मी म्हटलं, “वर घेतला तर घाण परत वरच्या घरात जाईल. हवेला काय, ती कशीही वळते.” पूर्वी हे शिडीवर उभं राहून, शिव्या देत व्हायचं. आता चहा घेत झालं, डक्ट चपटा झाला आणि स्लॅब भरायच्या आधी माझ्या स्लीव्ह, म्हणजे पाइपासाठी भोक राखणाऱ्या नळ्या, जागेवर बसल्या. सॉफ्टवेअर स्वतः काही सरकवत नाही, हे लक्षात ठेवा. ज्याचं मॉडेल त्याने रेव्हिट या मॉडेल काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन बदलायचं, परत पाठवायचं आणि टेस्ट पुन्हा चालवायची. सुटलेला क्लॅश तेव्हा आपोआप ‘रिझॉल्व्ह्ड’ दिसतो.

एक चूक माझीच. क्लब हाउसच्या गरम पाण्याच्या लाइनी आम्ही मॉडेलमध्ये उघड्या काढल्या, इन्सुलेशन काढलंच नाही. रिपोर्ट स्वच्छ. साइटवर वेष्टण चढवल्यावर लाइन स्प्रिंकलरच्या पाइपाला टेकली. मॉडेलमध्ये जे नाही ते त्याला दिसत नाही. पाइप टांगायच्या हँगरच्या सळ्यांचंही तेच. त्या काढायला सगळेच कंटाळतात.

चाळीस-चाळीस मजल्यांच्या कामात पैसे वसूल, यात मला शंका नाही. सात मजली सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटला? तिथे मी अजून पारदर्शक कागदावरची ड्रॉइंगं, ट्रेसिंगवर ट्रेसिंग ठेवूनच बघतो, फक्त सेक्शन, म्हणजे उभ्या कापाचं ड्रॉइंग, मागून घेतो.

‘फ्रीडम’ मात्र केबिनमधल्या लॅपटॉपवर टाकाच. आमचा सुपरवायझर ड्रॉइंग वाचताना गोंधळतो, पण माउसने मॉडेल गोल फिरवत बसला होता. पंपरूमपाशी थांबला आणि म्हणाला, “शेठ, हा व्हॉल्व्ह फिरवायला हात कुठून घालायचा?” समोर केबल ट्रे आडवी. कुठल्याच टेस्टमध्ये ते आलं नव्हतं. मॅडमना फोन केला. ट्रे 300 मिलिमीटर सरकली.