चेहऱ्याचा फोटो की समोरचा माणूस?

आईला माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट, म्हणजे स्मरणशक्ती आणि विचारशक्ती थोडी मंदावण्याची अवस्था आहे. विसरायला होतं, पण रोजचं सगळं तिचं तिला जमतं. हल्ली मात्र समोरच्याचा राग तिच्या लक्षातच येत नाही. हे तपासायचे दोन मार्ग.

एक फोटोंचा. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन या मानसशास्त्रज्ञांचा 1976 मधला कृष्णधवल चेहऱ्यांचा संच संशोधनात खूप वापरला गेलाय: आनंद, दुःख, राग, भीती, किळस, आश्चर्य. सगळ्यांना तेच चेहरे, त्यामुळे गुणांची तुलना करता येते. या अवस्थेत आनंद सहसा ओळखता येतो, अडतं ते भीती, दुःख, राग यांच्यापाशी, हे अशाच चाचण्यांतून दिसलं. पण ते चेहरे अनोळखी, स्थिर, आणि आवाज नाहीच.

दुसरा मार्ग घरातला. परवा वहिनी "काही नाही झालं" म्हणत पोळपाटावर लाटणं आपटत होती. आईने फक्त शब्द ऐकले आणि निवांतपणे चहा मागितला. मग वहिनी तिच्यासमोर बसली, हात धरून म्हणाली, "आई, मला आज फार वाईट वाटतंय." आईचे डोळे लगेच भरून आले, वहिनीच्या केसांवरून हात फिरवत राहिली. माया जिथल्या तिथे आहे! हे फोटोतून कधीच कळलं नसतं.

घरी गुण मोजता येत नाहीत, शिवाय कमी ऐकू येणं, मोतीबिंदू हेही त्यात मिसळतं; ते आधी तपासून घ्यावं. तरी मला घरातलं निरीक्षणच जास्त मोलाचं वाटतं. डॉक्टरांकडे जाताना मी आता असे प्रसंग तारखेनिशी वहीत लिहून नेते.